अल्बानोची डावी

११ फेब्रुवारी

आज अल्बानोच्या नावाने तीन खोकी आली. ट्रकवाला दारात उभा राहून म्हणतो, "साहेबांना बोलवा, त्यांची सही हवी." म्हटलं, साहेब नोव्हेंबरपासून कब्रस्तानात आहेत, माझी चालते का बघा. बिचाऱ्याने टोपी काढली आणि खोकी मागच्या शेडपर्यंत आणून दिली. एरवी हे लोक फुटपाथवर टाकून पळतात.

आत गाडीचे पत्रे. एका बाजूचा अख्खा, दुसऱ्या बाजूचा दाराची चौकट असलेला, आणि एक सरकतं दार. सगळे काळे, तेल लावलेले. मी स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत कॉफी प्यायले आणि मग एकदम हुंदका आला. दुःखाचा नव्हता, रागाचा होता. माणूस गाडीचे पत्रे मागवतो आणि ते यायच्या आत मरतो, ही काय पद्धत झाली?

माझी नणंद झीटा म्हणाली, "वहिनी, तू रोज माझ्यावर ओरडतेस, त्यापेक्षा एखाद्या वहीवर ओरड." म्हणून ही वही.

१४ फेब्रुवारी

शेडमध्ये गेले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच. पाव तसाच ठोकळ्यांवर उभा आहे, चाकं काढलेली, दोन्ही बाजूंना गुडघ्यापर्यंत गंज. या जुन्या गाडीला अख्खा पोर्तुगाल साच्यातला पाव म्हणतो. आमच्या घरात ती नुसता पाव. आणि आता पावाला बुरशी लागली आहे, असं अल्बानो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

लग्न झाल्यापासूनचा प्रत्येक ऑगस्ट आम्ही यात झोपलो. बारेइरोहून निघायचं, नाझरे मागे टाकायचं आणि पहिला मुक्काम आमच्या कड्यावर. खाली समुद्र, मागे रस्ता आणि निलगिरीची झाडं. गाडी लावली की आमचं पहिलं भांडण ठरलेलं. तिथे उन्हाळाभर उत्तरेचा वारा सुटलेला असतो. पावाचं छप्पर पुढच्या बाजूने जोडलेलं आणि मागून वर उचलायचं, त्यामुळे गाडीचं नाक वाऱ्याकडेच हवं. उलटी लावली तर वारा खालून घुसून छप्पर उपटून नेईल. नाक उत्तरेला, की उजवीकडचं सरकतं दार उघडतं ते रस्त्यावर. समुद्र राहिला पलीकडे, बंद पत्र्यामागे.

मी दर वर्षी म्हणायचे, "समुद्राकडे पाठ करून जेवायला मी काय शिक्षा भोगतेय?"

तो म्हणायचा, "वाऱ्याला सांग."

शेवटच्या वर्षी मात्र त्याने तसं म्हटलं नाही. म्हणाला, "पुढच्या ऑगस्टला मी तुझं तोंड कायमचं बंद करणार आहे, शिंपीणबाई." मी म्हटलं, आधी गंज काढ. मला वाटलं, नवा फ्रिज घेणार असेल.

पाव पुरा करायचा आणि ऑगस्टमध्ये कड्यावर न्यायचा, असं आज ठरवलं. त्याने जे ठरवलं होतं ते करून दाखवायचं. झीटा म्हणाली, "वहिनी, तुला धड पंक्चर काढता येत नाही." मी म्हटलं, तुझ्या भावाला तरी कुठे येत होतं.

२० फेब्रुवारी

फाउस्तो येऊन गेला. स्टेशनमागे त्याचं गॅरेज आहे, आयुष्यभर पत्रे ठोकून अर्धा बहिरा झालेला डेंटर. अल्बानोचा पत्त्यांतला भिडू. त्याने खोकी उघडली, पत्रे भिंतीला टेकवले, दोन पावलं मागे गेला आणि हनुवटी खाजवायला लागला.

"बाई, हे सगळं उलटं आहे."

"उलटं म्हणजे?"

"तुमचं दार उजवीकडे. हे दार डावीकडचं. चौकटीचा पत्रा पण डावा. आणि उजवीकडे, जिथे तुमचं दार आहे, तिथे बसवायला त्याने बंद पत्रा मागवलाय. हे इंग्लंडच्या गाड्यांना लागतं, तिकडे रस्त्याच्या उलट्या बाजूने चालवतात ना. आपल्याकडे असं दार केलं तर तुम्ही उतराल ती थेट भर रस्त्यात, बसच्या पुढ्यात."

मी हसत सुटले. इतकी हसले की फाउस्तो घाबरला आणि पाणी आणायला धावला.

आमच्या घरात 'अल्बानोची डावी' हा शब्द आहे. कुणी मोजा उलटा घातला, बशी उपडी ठेवली, किल्ली उलटी फिरवली, की अल्बानोची डावी. लग्नाच्या दिवशी त्याने अंगठीसाठी भलताच हात पुढे केला होता, पाद्रीसुद्धा हसला. गाडी मागे घेताना मी ओरडायचे डावीकडे, आणि तो ऐटीत उजवीकडे जायचा. मी जन्मभर बाह्या कापल्या. डावी बाही आणि उजवी बाही यांत माझी चूक एकदाही झाली नाही. आणि माझ्याच नशिबी हा माणूस.

हसणं थांबलं तेव्हा फाउस्तो गेलेला होता.

२२ फेब्रुवारी

पत्रे पाठवणाऱ्या दुकानात फोन केला. मुलगी गोड बोलणारी होती. म्हणाली, "आम्ही त्यांना दोनदा विचारलं होतं हो, नक्की डावीकडचंच दार ना? ते म्हणाले, नक्की. हसत होते."

हसणारच. चुका करताना तो नेहमी खुशीत असायचा.

माल परत घेत नाहीत म्हणे, खास मागवलेला आहे.

१ मार्च

आज मन फार उदास झालं आहे.

शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी होतं. उघडलं तर पावातला नवा ओटा. हिवाळ्याआधी तो रोज संध्याकाळी तिथे खाटखूट करायचा आणि मला आत येऊ द्यायचा नाही. चेस्टनटचं लाकूड, काय सुंदर घासलंय. खणाला मूठ म्हणून माझ्या जुन्या कोटाची मोठी बटणं लावली आहेत. पण हाही उलटा! बेसिन भलत्या टोकाला, खण भलत्या दिशेने उघडणारे. मी माप घेऊन पाहिलं. आमच्या डाव्या भिंतीला तो बसतच नाही. उजवीकडे बसेल, पण तिथे तर दार आहे.

एका पत्र्याची चूक मी समजू शकते. पण लाकूड तर त्याने स्वतःच्या हाताने मोजलं, कापलं, जोडलं. इतके आठवडे. रोज समोर गाडी उभी असताना.

त्याच्या डोक्यात काही झालं होतं का? हृदय बंद पडायच्या आधीच काहीतरी सुटत चाललं होतं, आणि मी त्याला डावी-उजवीवरून टोमणे मारत बसले? झीटाला विचारलं. ती म्हणाली, "वहिनी, मला तर तो उलट फार मजेत वाटायचा. मला विचारत होता, तुझ्या वहिनीला हात टेकायची खुर्ची आवडते की बिनहाताची."

म्हणजे हेही तो विसरला होता. मी तर बिनहाताच्या खुर्चीत कधी बसतच नाही.

६ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, आता काय सांगणार, तुम्हाला काही वेगळं जाणवलं होतं का? मी म्हटलं, मला काहीच जाणवलं नाही, हेच तर सांगायला आलेय.

घरी येऊन कोबीचं सूप केलं, दोघांचं झालं. अजूनही हात तेवढंच करतो.

मला तो हवा आहे. उलटा, सुलटा, कसाही.

१९ मार्च

रडून पत्रे सुलटे होत नाहीत. फाउस्तोच्या गॅरेजात बसून सबंध सकाळ पत्र्यांचा विचार केला.

नवे पत्रे तीन प्रकारचे मिळतात, तो म्हणाला. हल्लीचे पातळ, स्वस्तातले, रंगाखाली ठीक दिसतात पण अंगठ्याने दाबले की दबतात. जुन्या काळचे, कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर राहिलेले, जाड आणि दुर्मीळ. आणि तिसरे भंगारातल्या गाडीतून कापून काढलेले. त्याने तिन्हींवर बोटाच्या पेराने टकटक करून दाखवलं. पातळाचा आवाज डब्यासारखा येतो. जाडाचा आवाज येतच नाही म्हटलं तरी चालेल.

मला हे सगळं ओळखीचं वाटलं. अस्तराचं कापड घ्यायचं की कोटाचं, एवढाच प्रश्न. मी म्हटलं, पातळ नको. या गाडीने वारा खाल्लेला आहे.

"आणि काठाला दोन बोटं जास्तीचं ठेवून कापायचं," तो म्हणाला. "आधीच नेमकं कापलं की सांध्याला पत्रा उरत नाही."

"आमच्यात त्याला माया म्हणतात," मी म्हटलं. "शिवणीत माया ठेवली नाही तर कपडा पुढे कधी उसवून मोठा करता येत नाही."

"मग मायाच ठेवू," तो म्हणाला.

उजवी चौकट आणि दार आलेंतेजूमधल्या एका भंगारवाल्याकडून घ्यायचं ठरलं. तिकडची हवा कोरडी, गंज नाही. राहिला डाव्या बाजूचा बंद पत्रा. आणि हे उलटं सामान घेणारा कुणी गिऱ्हाईक.

८ एप्रिल

गिऱ्हाईक मिळालं! दक्षिणेला राहणारं एक म्हातारं इंग्रज जोडपं. त्यांचीही अशीच गाडी, तिकडूनच आणलेली, दार डावीकडे आणि ते कुजलेलं. त्यांच्याकडे जुन्या काळचा जाड डावा बंद पत्रा पडून होता, चुकून घेतलेला. म्हणजे इंग्रजांतही एक अल्बानो आहे. अदलाबदल केली. ओटा मात्र मी दिला नाही. तो माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला लावला आहे, त्यावर साखर आणि कॉफी ठेवते. बटणं रोज हाताला लागतात.

बाई गोड होती, आमची भाषा मोडकीतोडकी बोलत होती. आमचा पाव बघून म्हणाली, "तुमचा समुद्र, आमचं दार, फार छान! समुद्र दारात!" मी म्हटलं, हो हो. तिला म्हणायचं असेल की त्यांचं घर समुद्राजवळ आहे. मी तिला अंड्याचा केक दिला.

त्यांच्या टेम्पोत ते काळे पत्रे चढवताना अल्बानोचा हात लागलेलं काहीतरी जातंय असं वाटलं. मग आठवलं, त्याने ते पाहिलेच नव्हते. तो गेल्यावर आले ते.

१२ मे

आज कापाकापी झाली. मला बघवणार नाही असं वाटलं होतं, पण मी पूर्ण वेळ उभी राहिले. फाउस्तोने आधी आतून लोखंडी पट्ट्या लावून गाडीला आधार दिला. नाहीतर दाराची जागा कापली की अंग खचतं आणि मग कुठलंच दार बसत नाही. मग ग्राइंडर. डाव्या बाजूचा कुजलेला पत्रा खाली पडला आणि पलीकडची भिंत आरपार दिसायला लागली. तिथे खिडकीएवढी नाही, चांगली माणूसभर मोकळी जागा झाली. फाउस्तो तिच्यातून आत गेला आणि बाहेर आला.

"काय पण हवेशीर झालंय," तो म्हणाला. "असंच ठेवायचं का?"

"मस्करी पुरे. बंद करा."

नवा पत्रा शिकंज्यांनी धरून लावला. त्याने लांबून बघितलं, मी जवळून बघितलं. कड मीच पकडून दिली. केसभरही फरक नव्हता. मी म्हटलं, आता टाके घाला.

१५ मे

वेल्डिंगचे टाके पुरे झाले. फाउस्तो म्हणतो, या गावात इतकी सरळ बाजू त्याने कुणाच्या गाडीला बसवलेली नाही. मला अभिमान वाटला. मग वाटलं, हे कुणाला सांगू? मला ज्याला सांगायचं असतं तो एकच माणूस आहे. हे बघ, डावी म्हणजे ही अशी डावी असते, असं त्याला सांगायचं होतं.

३० जून

रंग झाला. खाली दाट निळा, वर साईचा पांढरा, पूर्वी होता तसाच. संत पेद्रोच्या जत्रेचा आवाज ऐकू येत होता, सगळीकडे सार्डिन मासे भाजल्याचा वास. झीटा नवा रंग बघायला आली आणि गाडीला हात लावून रडायला लागली. "वहिनी, दादाला किती आनंद झाला असता गं!"

"त्याला झाला असता की नाही माहीत नाही," मी म्हटलं. "निदान दार तरी जागेवर आहे."

असं बोलायला नको होतं. ती डोळे पुसून घरी गेली.

९ ऑगस्ट, कड्यावर

एकटीच आले. झीटाला गाडी लागते, आणि खरं म्हणजे मी तिला फारसा आग्रह केला नाही.

दुपारभर चालवली. पाव नीट चालतो, फक्त चढाला कुरकुरतो, तो आधीपासून. कड्यावर आमची जागा मोकळी होती. वारा नेहमीसारखाच. नाक उत्तरेला करून लावली, हाताचा ब्रेक ओढला, छप्पर उचललं. पहिल्या झटक्यात उचललं गेलं. मग सरकतं दार उघडलं. लोण्यासारखं सरकलं. समोर रस्ता, निलगिरी, आणि झाडाला अडकलेली कुणाचीतरी प्लास्टिकची पिशवी.

सवयीने तोंडातून गेलं, "झालं. पुन्हा समुद्राकडे पाठ."

आणि मी थांबले. तो म्हणणार होता, वाऱ्याला सांग. कुणी काही म्हटलं नाही.

मग खुर्ची उचलली, हाताची, आणि गाडीला वळसा घालून समुद्राच्या बाजूला मांडली. पाठीला डावा पत्रा. ऊन त्याच्यावर पडून तो गरम झाला होता. समोर सगळा समुद्र. खायचा पाव आणि सार्डिनचा डबा मांडीवर घेतला, पण आतून मीठ आणायचं राहिलं होतं, म्हणून पुन्हा उठले, वळसा घालून दाराकडे गेले, मीठ घेतलं, वळसा घालून परत आले. आणि चिडून मनात म्हटलं, इकडे एक दार असतं तर काय बिघडलं असतं.

मी तिथेच उभी राहिले. हातात मीठ.

इकडे. डावीकडे. वाऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीची, आत बसलेल्या माणसाची डावी. 'नक्की डावीकडचंच दार ना?' 'नक्की.' हसत होता. ओटा उजव्या भिंतीला, जिथे आता दार आहे तिथे, म्हणजे दारासमोर बसायला जागा मोकळी. हाताची खुर्ची. समुद्र दारात, ती इंग्रज बाई म्हणाली होती. मी तिला केक खायला घातला आणि दार तिच्या टेम्पोत चढवून दिलं.

त्याच्या डोक्यात काही झालं नव्हतं. आयुष्यात एकदा, एकदाच, त्याने डावी बरोबर ओळखली. मला सांगितलं नाही, कारण मला कड्यावर आणून माझं तोंड बंद करायचं होतं. आणि मी म्हटलं, अल्बानोची डावी. सगळ्या गावासमोर म्हटलं. हसले. कड पकडून दिली आणि म्हटलं, टाके घाला.

खूप रडले. वाऱ्यात रडण्याचं एक बरं असतं, कुणाला ऐकू जात नाही. "तुझी डावी बरोबर होती रे," असं मोठ्याने कितीदा तरी म्हटलं. तो असता तर त्याने हे वाक्य माझ्याकडून रोज सकाळी म्हणवून घेतलं असतं.

आता उजेड आहे तोवर हे लिहून टाकते आहे, त्याच खुर्चीत, पत्र्याला पाठ टेकून. मघाशी एक म्हातारा गळ टाकून परत चालला होता. रिकामी बादली हलवत थांबला.

"बाई, दार तिकडे आणि खुर्ची इकडे?"

"दार इकडेच होतं," मी म्हटलं. "नवऱ्याने करायला घेतलं होतं. मी बुजवून घेतलं."

त्याने जवळ येऊन पत्र्यावरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सांधा शोधत. मग कौतुकाने मान हलवली.

"काम फार चांगलं केलंय," तो म्हणाला. "कळतसुद्धा नाही."